सात पूर्वजांचा पासवर्ड

फोन आला तेव्हा शार्कान एजेचे, म्हणजे शार्कानताईचे, दोन्ही हात तळायच्या बोर्सोकच्या कणकेत मनगटापर्यंत रुतलेले होते. फोन कानाशी धरायचं काम तिने भाचेसुनेला, कुंदुजला, लावलं. पहाटे पाचपासून कुंदुज चुलीत लाकडं सारत होती, पाहुण्यांच्या चहाचे वाडगे भरत होती, अंगणातल्या तंबूत आणि स्वयंपाकघरात येरझारा घालत होती. त्यात आता एजेचा तिसरा हात होणं आलं.

"बोला कुदा, बोला!" एजे ओरडली. लग्नाला निघालेली नवऱ्या मुलाकडची माणसं जवळ आली असतील असंच तिला वाटलं. "कुठवर पोचलात? घोड्याचं मांस शिजत आलंय. उशीर केलात तर चरबी आमचीच!"

पलीकडून हसू आलं नाही. व्याही जोल्दोश एरवी हसायला कारण शोधणारा माणूस होता.

"आम्ही नारीनला थांबलोय, एजे. खाणावळीत बसलोय, अठरा माणसं. तुमच्या पेरिझातचा मेसेज आलाय. आमच्या मेलिसला आला आणि त्याच्या आईलाही आला. वाचू?"

"वाचा की. मैत्रिणींनी काहीतरी खोडी केली असेल."

"‘येऊ नका. मला हे लग्न करायचं नाही. तुमचा कुणाचा दोष नाही. माफ करा. पेरिझात.’"

एजेने हात कणकेतून ओढून काढले. बोटांना लोंबणाऱ्या कणकेसकट तिने फोन हिसकून घेतला.

"कुदा, हे आमच्या मुलीने लिहिलेलं नाही! कुणीतरी तिचं खातं उघडलंय. चोरी आहे ही!"

"असेल. देव करो नि चोरीच असो," जोल्दोश म्हणाला. "पण मी अठरा माणसं घेऊन तुमच्या दारात यायचं आणि मुलीने तोंडावर नाही म्हणायचं, हे मला झेपायचं नाही. एक वाजेपर्यंत थांबतो. काय ते नक्की करून सांगा. एक वाजता गाड्या परत घरी, कोचकोरकडे, वळवतो."

फोन बंद झाला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. कढईतले बोर्सोक एकेक करून काळे पडत होते आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

हे लग्न एजेने जमवलं होतं. डोलोनचा घाट ओलांडून ती चारदा कोचकोरला गेली होती, त्यातली एक खेप तर फेब्रुवारीच्या बर्फातली. नवरा गेल्यापासून भावाच्या घरात तिचा शब्द चालायचा तो अशाच कामांच्या जोरावर. आज गाड्या वळल्या तर आत-बाशी गावात तिच्याकडे पुन्हा कुणी मुलगी दाखवायला येणार नव्हतं, हे तिला कणीक झटकता झटकताच कळलं. मग तिने कुंदुजकडे पाहिलं. कुंदुजचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण एजेला एक गोष्ट खटकली. पोरगी घाबरली होती, चकित मात्र झाली नव्हती.

"तुला ठाऊक होतं?"

"नाही, एजे."

"मग अशी काय उभी आहेस? जा, तुझ्या सासऱ्याला बोलाव. आणि बाहेर कुणाला अवाक्षर कळता कामा नये."

*

आतल्या खोलीचं दार सागिन्दिकने स्वतः लावून घेतलं. बाहेर तंबूत कुणीतरी कोमुझ वाजवत होतं आणि बायका टाळ्या पिटत होत्या. आत सहा माणसं होती: सागिन्दिक, त्याची बायको बुसायरा, बहीण शार्कान, मुलगा एर्मेक, सून कुंदुज आणि पेरिझात. पेरिझातला "कमरेला पोशाख सैल होतोय, टाके घालायचेत" अशी थाप मारून मैत्रिणींतून उठवून आणलं होतं. ती रचलेल्या रजयांच्या ढिगाला टेकून खाली बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आत्याने मेसेज शब्दन्‌शब्द ऐकवला तेव्हा तिने मान खाली घातली, ती तशीच राहिली.

"बघा, पोरीची वाचाच बसली," शार्कान म्हणाली. "ऐन लग्नाच्या दिवशी! अरे, शत्रूसुद्धा असं करत नाही."

बुसायराने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. मेसेज ऐकला त्या क्षणी, पापणी लवायच्या आत, तिच्या मनात आलं होतं की बरं झालं, पोर आता जात नाही. लगेच तिला स्वतःचीच भीती वाटली. दीडशे पाहुणे अंगणात, घोडा कापलेला, आणि आईच्या मनात हे! नवरीची आई रडते ते रीतीप्रमाणे असतं, तिने खरंच दुःख करायचं नसतं.

"कोणाचं काम असेल?" सागिन्दिक खोलीभर नजर फिरवत म्हणाला. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे घरातही तो प्रश्न विचारायचा तो वर्गाला विचारल्यासारखा.

"अता, राग मानू नका," एर्मेक वडिलांना म्हणाला. "पण गेल्या आठवड्यात अपाच म्हणत होत्या, नर्सिंगचं शिक्षण अर्धवट सोडून पोरीला कोचकोरला देणं पटत नाही म्हणून."

बुसायरा मुलाकडे बघतच राहिली. नऊ महिने पोटात वाढवलेला मुलगा, आणि चारचौघांत आईकडे बोट दाखवतो!

"म्हटलं मी. आई आहे, म्हणणारच. पण मला फोनमधलं ओ की ठो कळत नाही. तुला फोन करायचा तरी मी कुंदुजला हाक मारते. घरातले सगळे फोन तीच बघते." बोलून झाल्यावर तिला जीभ चावावीशी वाटली. पण शब्द गेला होता आणि शार्कानने तो झेललाही होता.

"तेच म्हणते मी! फोन आला तेव्हा ही माझ्या शेजारी होती. चेहरा बघायला हवा होता हिचा. ही तलासला फोनच्या दुकानात काम करायची. कुणाचं खातं कसं उघडायचं, कसं बंद करायचं, सगळं पाठ आहे हिला. आणि पोरीच्या कानाशी लागून ‘आधी शिक, मग लग्न कर’ कोण म्हणत होतं? मी बहिरी नाही."

"म्हटलं होतं, एजे," कुंदुज म्हणाली. "पण मेसेज मी लिहिला नाही."

"थांबा," सागिन्दिकने हात वर केला. "सुनेवर आळ घ्यायची घाई नको. पासवर्ड हिला एकटीला ठाऊक आहे का? सगळ्यांना ठाऊक आहे."

हे मात्र खरं होतं, आणि त्याचं श्रेय त्याचंच होतं. घरात फोन आले त्या वर्षी त्याने सगळ्यांना ओळीने बसवून प्रत्येकाचा पासवर्ड स्वतः ठरवला होता. आपल्यात म्हणतात, ज्याला सात पूर्वज माहीत नसतील तो गुलाम. मुलगा बोलायला लागला की त्याला आधी हीच नावं शिकवतात, आणि लग्नाला, मयताला, बारशाला भेटेल तो म्हातारा गाल ओढून ती म्हणून घेतो. मग जी गोष्ट किरगिझ माणूस मरेपर्यंत विसरत नाही, तिच्याहून चांगला पासवर्ड कुठला? सागिन्दिक, एसेनगुल, कोयचू, बोरोबाय, जानीबेक, कुदाइमेंदे, सारिबाश. सातही नावं सलग, मध्ये जागा न सोडता. मुलाचा तोच, मुलीचा तोच, बायकोचाही तोच, कारण तिच्या माहेरचे सात लक्षात ठेवायचा त्याला कंटाळा होता. अमेरिकेतला चोर शंभर वर्षं बसला तरी हे फोडू शकणार नाही, असं तो शाळेतही सांगायचा.

कुंदुज नवी नवी सून होती तेव्हा एकदाच धीर करून म्हणाली होती, "अमेरिकेतल्या चोराला नाही जमणार, अता. पण आत-बाशीतल्या पाच वर्षांच्या पोराला जमेल." सागिन्दिक तेव्हा पोट धरधरून हसला होता आणि पुढे हा विनोद त्याने स्वतःचा म्हणून बऱ्याच जणांना ऐकवला. पासवर्ड तसेच राहिले.

"आणि दुसरं," तो आता म्हणाला, "ही ती नावं लिहिणार कशी?"

आपल्यात सून सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं तोंडातून काढत नाही, मेलेल्यांचीही नाही. आता इतकं कुणी पाळत नाही, पण कुंदुज पाळायची. कोयचू म्हणजे मेंढपाळ, म्हणून मेंढपाळाला ती "मेंढ्यांमागचा माणूस" म्हणायची. बोरोबायच्या नावात लांडगा होता, म्हणून लांडग्याला "डोंगरात ओरडतो तो". घरातला फोन दुरुस्त करायची वेळ आली की पासवर्डच्या जागी ती थांबायची, फोन पुढे करायची आणि म्हणायची, "तुमचं तुम्ही लिहा."

"नाव घ्यायची नाही म्हणे," शार्कान पुटपुटली. "बोटाने दाबायला काय जातंय? बोटाला कुठे जीभ असते?"

"मी दाखवतो तुम्हाला," सागिन्दिक म्हणाला. त्याला सुनेची बाजू घ्यायची होती आणि ती पुराव्यानिशी घ्यायची होती. त्याने स्वतःचा फोन काढला, चष्मा चढवला. "माझ्या फोनवरून पेरिझातचं खातं उघडतो. दोन मिनिटांत उघडेल. मला उघडता येतं म्हणजे अंगणातल्या दीडशे माणसांना येतं. मग कुणा एकीवर ठपका ठेवता येणार नाही. बघा."

तो एका बोटाने नावं दाबू लागला. प्रत्येक नावाबरोबर त्याचे ओठ हलत होते. शेवटचं नाव झालं. त्याने विजयाने फोन वर धरला आणि मग पुन्हा डोळ्यांशी नेला.

"पासवर्ड चुकीचा आहे म्हणतोय."

"जानीबेक नीट लिहिलंस का?" शार्कानने विचारलं.

त्याने पुन्हा लिहिलं. शार्कान शेजारी उभी राहून एकेक नाव मोठ्याने सांगत होती, लहानपणी आजोबा म्हणून घ्यायचे तशी. पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा एर्मेकने फोन घेतला आणि त्याच्या तरुण बोटांनी भराभरा लिहिलं. चुकीचा.

सागिन्दिक खुर्चीत बसला. तोंड असं झालं होतं की जणू आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा दारात येऊन म्हणाले, हा कोण बुवा, आम्ही ओळखत नाही.

"चोराने कुलूप बदललंय," एर्मेक म्हणाला.

"चोराने की चोरणीने?" शार्कान गर्रकन वळली. "काल संध्याकाळी ही पेरिझातला घेऊन मागच्या खोलीत बसली होती. दार लोटून. मधे फोन. मी चादरी न्यायला गेले तेव्हा पाहिलं. बुसायरा, तूही पाहिलंस. पाहिलंस की नाही? बोल."

बुसायराने सुनेकडे पाहिलं. तीन वर्षं या पोरीने तिचे पाय चेपले होते, दम्याच्या रात्री उशाशी बसली होती. पण पाहिलं होतं हे खरं होतं.

"पाहिलं," ती म्हणाली.

*

मेसेज कुणाचा ते कुंदुजला पहिल्यापासून ठाऊक होतं. एजेच्या कानाशी धरलेल्या फोनमधून "येऊ नका" हे दोन शब्द आले तेव्हाच ठाऊक झालं होतं.

काल संध्याकाळी तिनेच नणंदेला बसवलं होतं. आहेर म्हणून द्यायला तिच्याकडे काही नव्हतं, तिची माहेरची शाल केव्हाच दिली गेली होती. म्हणून तिने आपल्याला येतं ते दिलं. तलासच्या दुकानात रोज कुणी ना कुणी रडत यायचं. कुणाच्या नवऱ्याने खातं उघडून मैत्रिणींना शिव्या लिहिलेल्या, कुणाचे फोटो दिराने गावभर केलेले, आणि पासवर्ड विचारला की नवऱ्याचं नाव, नाही तर मुलाची जन्मतारीख. "नव्या घरी जातेस," ती पेरिझातला म्हणाली होती, "तिथे कपाट तुझं नसेल, खोलीही तुझी नसेल. ही एवढी एकच जागा तुझी ठेव. आपल्या लोकांचं कुणाचंच नाव नको. तारीख नको. चार-पाच शब्द घे, एकमेकांशी संबंध नसलेले, नाही तर असं काहीतरी घे जे तू कधी कुणाला बोलली नाहीस. लांब ठेव. दुसरीकडे तोच वापरू नकोस. फोनमध्ये लिहून ठेवू नकोस. नवऱ्याला सांगू नकोस, आईला सांगू नकोस, मलाही सांगू नकोस."

"तुम्हालाही नाही, जेने?" पेरिझातने वहिनीला विचारलं.

"मला तर मुळीच नाही."

पेरिझात बराच वेळ विचार करत बसली होती. मग लिहू लागली, तेव्हा कुंदुजने तोंड भिंतीकडे फिरवलं, कुणी कपडे बदलत असताना फिरवावं तसं. लिहून झाल्यावर पेरिझात एकदम रडली होती. कुंदुजला वाटलं, नवरी आहे, रडणारच. विचारायला हवं होतं. पण चूल पेटलेली होती, पीठ भिजायचं होतं, आणि तिनेही विचारलं नाही.

"बोल," एजे आता म्हणत होती. "पासवर्ड बदललास की नाही?"

"बदलायला मी सांगितलं."

खोलीत एकदम गलका झाला. बुसायराने तोंडावर हात घेतला. सागिन्दिक उठून उभा राहिला. त्याने जिच्यासाठी एवढा पुरावा मांडला त्याच सुनेने तो उलटा केला होता, आणि त्याला ते सगळ्यात जास्त लागलं.

"म्हणजे माझ्या पाठीमागे? माझ्या घरात?"

"चूक झाली, अता. तुम्हाला सांगायला हवं होतं."

"मग तुला नवा पासवर्ड ठाऊक आहे."

"नाही."

"खोटं!" शार्कान म्हणाली. "बदलला हिने, आणि ठाऊक नाही हिला! एर्मेक, तुझी बायको आहे, विचार."

एर्मेक दाराला टेकून उभा होता. कुंदुजने वाट पाहिली. खोली लहान होती, तिच्याजवळ यायला त्याला तीन पावलं पुरली असती.

"खरं काय ते सांगून टाक, कुंदुज," तो म्हणाला. "उगाच ताणू नकोस." आणि दारापाशीच राहिला.

तिला एका वाक्यात सुटता आलं असतं. पासवर्ड फक्त एकीला ठाऊक आहे, एवढंच म्हणायचं होतं. तिने रजयांच्या ढिगाकडे पाहिलं. पेरिझातची मान खालीच होती, मांडीवरची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकवलेली की नखं पांढरी पडली होती. तासभर झाला, खोलीत त्या मेसेजचा कीस पाडला जात होता. कुणी लिहिला, का लिहिला, कुणाचं नाक कापायला लिहिला. ज्या मुलीचं नाव त्या मेसेजखाली होतं, तिला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. ती संशयाच्याही लायकीची कुणाला वाटली नव्हती. कुंदुज गप्प राहिली.

"ठीक," शार्कान म्हणाली. "ऐका माझं. अजून वेळ आहे. हिला आत्ताच्या आत्ता गाडीत बसवा आणि तलासला आईकडे धाडा. मी कुदांना फोन करते. सांगते, चोर सापडला, घरातलाच निघाला, घराबाहेर काढला. घरची सून काढली म्हटल्यावर त्यांचा मान राहतो. दोन वाजेपर्यंत ते दारात येतील. हिचं पुढे काय करायचं ते थंडीत बघू."

कुणीच नको म्हणालं नाही. बुसायरा डोक्यावरच्या रुमालाचं टोक पिळत होती. एर्मेकने खिशातून गाडीची किल्ली काढली. खरं तर त्याने ती का काढली हे त्यालाही सांगता आलं नसतं, पण किल्लीचा आवाज झाला आणि कुंदुजने तो ऐकला.

"कुंदुज जेनेला ठाऊक नाही," पेरिझात म्हणाली.

आवाज इतका बारीक होता की बाहेरच्या कोमुझमध्ये बुडून गेला.

"काय म्हणालीस, बाळा?" शार्कान म्हणाली.

"पासवर्ड जेनेला ठाऊक नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. फक्त मला ठाऊक आहे." तिने मान वर केली. "किल्ली आत ठेवा. मेसेज मी लिहिला. सकाळी ओढणी आणायला मागे गेले, तेव्हा."

*

पुढे आठवून आठवून सांगताना बुसायरा म्हणायची, तेव्हा बाहेरची गाणी थांबली होती. थांबली नव्हती. बाहेर कुणाला काय कल्पना! पण आतल्या सहा माणसांना काही काळ काहीच ऐकू येत नव्हतं हे खरं.

शार्कान सगळ्यांत आधी सावरली. "घाबरलीय पोरगी. वहिनीला वाचवायला बोलतेय."

"काय ठेवलास पासवर्ड?" सागिन्दिकने विचारलं. त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"ते सांगायचं नसतं, अता."

या घरात आजवर असं काही नव्हतं जे त्याला सांगायचं नसतं.

"लिहिलंस का असं?" बुसायरा मुलीसमोर जमिनीवर बसली. "मेलिसने काही केलं? काही बोलला?"

"नाही अपा. मेलिस चांगला आहे."

"मग?"

"मला जायचं नाही. मला बिश्केकला परत जाऊन उरलेली दोन वर्षं पुरी करायचीत. त्यानंतरही जायचं की नाही ते मला माहीत नाही."

"मग आधी बोलायला काय झालं होतं, गं?" शार्कान किंचाळली. "घोडा कापल्यावर बोलतात?"

"कधी बोलू, एजे? मार्चमध्ये तुम्ही दारातूनच ‘अभिनंदन’ म्हणत आत आलात. अपा रडल्या. अतांनी वही काढून मेलिसचे सात आणि आपले सात ताडून पाहिले, कुठे रक्त एक होतंय का म्हणून. होत नव्हतं. मग सगळे म्हणाले, झालं. मग मेलिसच्या आईने मागणी पक्की म्हणून माझ्या कानात डूल घातले. मला वाटलं, आता कुणीतरी मला विचारेल. मग वाटलं, निदान आज सकाळी तरी कुणी विचारेल."

सागिन्दिक खिडकीपाशी गेला. वही तिथेच कपाटात होती. सारिबाश कुठल्या हिवाळ्यात, कुठल्या नदीवरच्या बर्फाखाली गेला हे त्याला ठाऊक होतं. कुदाइमेंदेच्या तिन्ही बायकांची नावं, जानीबेकच्या घोड्याचा रंग, सगळं त्याला ठाऊक होतं. लोक लांबून विचारायला यायचे. आणि ही त्याची मुलगी, त्याच्या पंगतीला बसून मार्चपासून जुलैपर्यंत रोज जेवली, आणि त्याला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. त्याला लाज वाटली.

"सागिन्दिक," शार्कान जवळ आली. तिचा आवाज आता मऊ झाला होता आणि तो किंचाळण्यापेक्षा वाईट होता. "ऐक माझ्या राजा. बारा पन्नास झालेत. ही खोली सोडून कुणाला काही माहीत नाही. सगळ्या भाऊबंदांना ठाऊक आहे की तुझ्या घरात एकच पासवर्ड चालतो, तूच सांगत फिरलायस. खातं कुणीतरी उघडलं असं म्हटलं तर कोण शंका घेईल? कुंदुजचं नावसुद्धा घ्यायला नको. कुणीतरी अज्ञात चोर. एक फोन कर. पोर चार दिवस रडेल आणि रुळेल. तू रुळलास, मी रुळले, तुझी बायको रुळली."

"मी रुळले?" बुसायरा जमिनीवरून म्हणाली. "कुणी सांगितलं तुम्हाला, एजे?"

शार्कानने वहिनीकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून एकतीस वर्षांत हिने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"आणि अठरा माणसांना काय सांगायचं? अंगणातल्या दीडशेंना? माझं तोंड कुठे लपवू मी?"

"माझ्या शेजारी लपवा," बुसायरा म्हणाली. "जागा आहे." आणि ती मुलीच्या कानातले डूल काढू लागली. एकाची कडी अडकली होती. कुंदुज पुढे झाली आणि दोघी मिळून ती सोडवू लागल्या.

एर्मेकने किल्ली खिशात टाकली होती. तो बायकोच्या बाजूला येऊन उभा राहिला. कुंदुजने मान वळवली नाही.

सागिन्दिक परत मुलीसमोर आला. गुडघे दुखत असूनही तो खाली बसला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं, पण जिभेला सवय नव्हती.

"पेरिझात. तुला जायचंय का?"

"नाही, अता."

"मी रागावेन म्हणून नाही, आणि कुणी सांगितलं म्हणूनही नाही. तुला?"

"नाही."

त्याने मान हलवली. जोल्दोशचा नंबर शोधायला वेळ लागला. पलीकडे फोन लगेच उचलला गेला. माणूस तो हातात घेऊनच बसला असावा.

"कुदा, सागिन्दिक बोलतोय."

"बोला कुदा! काय निघालं? चोरी ना?" आवाजात इतकी आशा होती की खोलीतल्या सगळ्यांना ती ऐकू गेली. "मी इथे सगळ्यांना तेच सांगतोय. हल्ली कुणाचंही खातं कुणीही उघडतं. तसंच ना?"

शार्कानने दोन्ही हात जोडले. तिच्या बोटांवर कणीक वाळून पांढरी झाली होती.

"नाही कुदा. खातं कुणी उघडलं नाही. मेसेज माझ्या मुलीनेच लिहिलाय. वळवा गाड्या. उद्या मी स्वतः कोचकोरला येतो, डूल घेऊन. तुम्ही जे म्हणाल ते उभ्याने ऐकून घेईन."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग जोल्दोश हळू आवाजात, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये असा म्हणाला, "कुदा, नीट बघा. अजून दहा मिनिटं आहेत. पोरीच्या नावाने दुसरं कुणी लिहिलं असेल. एवढी खात्री कशावरून?"

"मी तिला विचारलं," सागिन्दिक म्हणाला.